स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस गाडीला १२ मिमीचे स्पेसर लावून १४ महिने झाले, नागपूरच्या रस्त्यांवरचा पूर्ण अनुभव

माझ्याकडे २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, २३० पीएस ताकदवाली, सेकंड हँड घेतलेली. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं मूळचंच आहे, बाहेरून फक्त एकच काम केलं ते म्हणजे चारही चाकांना स्पेसर, म्हणजे हब (चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग) आणि चाक यांच्या मध्ये बसवायची जाड चकती, मागे १२ मिमीची आणि पुढे १०. रविवारी सकाळी तर्री पोहे खायला थांबलो की कोणी ना कोणी येऊन विचारतेच की भाऊ अलॉय कोणते टाकले, आणि मी म्हणतो अलॉय कंपनीचेच आहेत, फक्त थोडे बाहेर आणले. मग पुढचा प्रश्न ठरलेला, सेफ आहे का. दर वेळी उभ्याउभ्या अर्धंच सांगणं होते, म्हणून हा रिव्ह्यू सवडीने लिहून राहिलो. जर्मनीच्या एच अँड आर कंपनीचे ट्रॅक प्लस स्पेसर, आणि जिथे बसवले त्या हिंगणा रोडवरच्या गॅरेजचं काम, दोन्हीबद्दल लिहितो. गॅरेजचं नाव टाकत नाही, गॅरेजवाल्या भाऊंनीच नको म्हटलं, त्यांच्याकडे दोनच लिफ्ट आहेत आणि घेतलेली कामं आधीच संपत नाहीत.

पण हा माझा दुसरा सेट आहे. पहिल्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे, काहून की मी जे काही शिकलो ते त्या पहिल्या सेटमुळेच शिकलो.

पहिला सेट शहरातल्याच एका दुकानातून घेतला होता, ८ मिमीचे चार नग, २४०० रुपयांत, 'युनिव्हर्सल' म्हणून. कोणत्याही गाडीला बसते असं तो सांगून राहिला होता आणि ते मला तेव्हा चांगलं वाटलं, आता तोच शब्द ऐकला की मी दुकानातून बाहेर निघतो. पोराने चाकं काढली, स्पेसर हबवर टेकवले, जुनेच बोल्ट परत लावले आणि एअर गनने टर्रर्र करून पंधरा मिनिटांत गाडी खाली. मी विचारलं बोल्ट लांब नाही लागणार का, तर म्हणे ८ मिमीला काही होत नाही. पाहायला गाडी मस्त दिसत होती, फोटो काढले, घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून ९० च्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. ११० ला जास्त, त्याच्या वर परत थोडं कमी. मला वाटलं बॅलन्सिंग गेलं असेल, तीनदा बॅलन्सिंग करून घेतलं, मशीनवर चाक दर वेळी शून्य दाखवायचं आणि रस्त्यावर आलं की थरथर तशीच. आता कळते की मशीनवर चाक बरोबरच होतं, ते गाडीवर मधोमध बसलेलं नव्हतं, पण तेव्हा हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

मग आईला आणि मुलीला घेऊन रामटेकला निघालो. कामठी, कन्हान मागे टाकलं, जबलपूर हायवेवर गाडी आरामात ८० वर, आणि मनसरच्या जरा आधी डावीकडून टक टक टक असा आवाज यायला लागला, स्पीड कमी केला की आवाजही सावकाश. गाडी बाजूला घेतली, पाना काढला, डाव्या पुढच्या चाकाचा पहिला बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरला. दुसराही. पाचपैकी तीन बोल्ट असे. मागच्या सीटवर मुलगी खिडकीतून विचारत होती बाबा काय झालं, आणि मला उत्तरच सुचत नव्हतं. समोर ट्रकचं पंक्चर दुकान होतं, त्या काकांनी येऊन सगळे बोल्ट आवळून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले की हे अधलंमधलं चक्र काढून टाका साहेब, लेकराला घेऊन फिरता. तिथून ४० च्या स्पीडने परत नागपूर, दर दहा किलोमीटरला उतरून बोल्ट तपासत. रामटेकचं दर्शन राहिलं ते राहिलंच त्या दिवशी.

हिंगणा रोडच्या गॅरेजला मी दुसऱ्या दिवशी गेलो ते स्पेसर काढून फेकायलाच. भाऊंनी काढले, पण फेकले नाहीत, टेबलावर ठेवून मला समजावून सांगितलं, आणि तो अर्धा तास मला सगळ्यात जास्त कामी आला.

हबच्या मधोमध एक गोल लिप (कडा) बाहेर आलेली असते, चाकाच्या मधलं भोक त्या लिपवर घट्ट बसते आणि चाक नेमकं मध्यावर येते. माझ्या गाडीला हे माप ५७.१ मिमी आहे, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना हेच. त्या युनिव्हर्सल स्पेसरचं मधलं भोक त्यांनी व्हर्नियरने मोजून दाखवलं, ७३ च्या वर. म्हणजे स्पेसर हबवर नुसता लटकत होता, सगळीकडून आठ आठ मिमीची फट. त्यात स्पेसरला स्वतःची लिपच नाही, आणि हबची लिप ८ मिमी जाडीने झाकली गेली, त्यामुळे चाकालाही मध्य धरायला काही उरलं नाही. चाक फक्त बोल्टच्या भरवशावर, मिलिमीटरचा थोडासा भाग इकडे तिकडे. ती थरथर तिथून येत होती.

दुसरी गोष्ट जास्त भयंकर होती. त्यांनी मला कंपनीचा बोल्ट हातात दिला आणि स्पेसर नसताना हाताने लावायला सांगितला, फेरे मोजत. नऊ फेरे गेले. मग मध्ये तो ८ मिमीचा स्पेसर ठेवून परत लावायला सांगितला. साडेतीन फेऱ्यांत बोल्ट टेकला. या बोल्टचा आटा १.५ मिमीचा असतो, एका फेऱ्यात दीड मिमी आत जाते, म्हणजे ८ मिमीच्या स्पेसरने पाच साडेपाच फेरे खाऊन टाकले. १४ मिमी जाडीच्या बोल्टची निदान तेवढीच लांबी हबच्या आट्यात गेली पाहिजे असा साधा हिशोब आहे, म्हणजे नऊच्या आसपास फेरे, आणि माझी आई आणि मुलगी साडेतीन फेऱ्यांवर बसून ८० ने जात होती. हे मोजायला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, कोणीही हाताने मोजू शकते. ज्यांच्या गाडीला आत्ता स्पेसर आहेत त्यांनी हे वाचून झाल्यावर एकदा मोजून पाहा, गाडी थंड असताना, समतल जागेवर, जॅक आणि त्याखाली स्टँड लावून, एका वेळी एकच चाक.

अजून एक गैरसमज त्यांनी काढला. मला वाटायचं चाकाचं वजन बोल्टवर लटकते, खिळ्यावर पिशवी लटकवल्यासारखं. तसं नाही. बोल्ट चाकाला हबवर इतक्या जोरात दाबून धरतो की दोन सपाट पृष्ठभागांमधल्या घर्षणावर चाक टिकते, बोल्टचं काम ओढून धरण्याचं. म्हणून मध्ये स्पेसर आला की एक सोडून दोन सांधे तयार होतात, हब आणि स्पेसर, स्पेसर आणि चाक, आणि दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग एकदम सपाट आणि स्वच्छ पाहिजे. मध्ये गंजाची एक खपली जरी राहिली तरी आज टॉर्क (बोल्ट आवळायचा ठरलेला जोर) बरोबर लागेल, पण चार दिवसांत ती खपली चुरा होईल आणि दाब तेवढ्याने सैल होईल. म्हणूनच दोन स्पेसर एकावर एक लावू नका, वॉशर टाकून जाडी वाढवू नका, तिसरा चौथा सांधा कशाला तयार करता.

मी विचारलं मग स्पेसर लावायचेच नाही का. ते म्हणाले लावा, पण तुमच्या हबच्या मापाचे लावा आणि बोल्ट त्या हिशोबाने घ्या. पोर्शसारख्या कंपनीने ९११ च्या काही मॉडेलला स्वतःच स्पेसर दिलेले आहेत, वस्तू वाईट असती तर त्यांनी दिली नसती.

आता एच अँड आरच्या सेटबद्दल. त्यांच्यात डीआर नावाचा प्रकार असतो, म्हणजे स्पेसर हबवर सरकवायचा आणि लांब बोल्ट आरपार, आणि डीआरए, डीआरएम असे प्रकार असतात ज्यात स्पेसर आधी हबला वेगळ्या बोल्टने किंवा नटने बसतो आणि चाक मग स्पेसरला. १० आणि १२ मिमीला डीआर. पार्ट नंबर वाचायला शिका, त्यात बरंच लिहिलेलं असते. शेवटचे तीन आकडे ५७१ म्हणजे मधलं भोक ५७.१. आणि सुरुवातीचे दोन आकडे म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका एक्सलची वाढ, एका चाकाची नाही. म्हणजे २० ने सुरू होणारा नंबर हा १० मिमीचा स्पेसर, २४ ने सुरू होणारा १२ चा. माझ्या ओळखीच्या एकाने २० पाहून एका बाजूला वीस समजून दुसरंच मागवलं होतं, परत करता करता दोन महिने गेले.

डबा उघडला तेव्हाच फरक कळला. पुढच्या बाजूला स्वच्छ कापलेली लिप, मागे हबच्या लिपसाठी तेवढीच खोलगट जागा, आतल्या कडेला छोटा उतार दिलेला म्हणजे हबच्या कोपऱ्यात अडकत नाही. एका स्पेसरला दोन मापांची भोकं, ५x१०० आणि ५x११२ (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० किंवा ११२ मिमी), त्यामुळे एकूण दहा, पोलोवाल्यांना आणि ऑक्टाव्हियावाल्यांना तोच नग चालतो. आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला, १२ मिमीचा एक नग ४३० ग्रॅम भरला. जुना सेट आणि हा सेट शेजारी ठेवले तर जुन्याच्या पृष्ठभागावर बोट फिरवल्यावर ओरखडे लागत होते, याच्यावर नाही.

मागवायच्या आधी मात्र भाऊंनी मापं घेतली, आणि कशाने घेतली तर गवंड्याच्या ओळंब्याने. फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला चिकटपट्टीने दोरा लावला, ओळंबा खाली सोडला, हलायचा थांबला तसं चाकाच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत पट्टी लावली. मागे २१ मिमी भरलं, पुढे १६. मग मागे १२ घेतले तर ९ मिमी जागा उरते, पुढे १० घेतले तर ६. मला आधी मागे १५ पाहिजे होते, ते म्हणाले टायर सरळ वरखाली जात नाही, मागे तिघं बसले आणि स्पीड ब्रेकरवर गाडी दबली तर टायर आत झुकतो की कडेला लागतो ते पाहा, उभ्या गाडीच्या मापावर जाऊ नका. चाकावर आतून ईटी ५१ लिहिलेलं आहे, ईटी म्हणजे चाक हबवर जिथे टेकते ती जागा चाकाच्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते, १२ मिमीने ते ३९ झालं, पुढे ४१. ईटीचा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर.

बोल्टचा हिशोब सोपा आहे पण त्यातही चुकतात. कंपनीचा बोल्ट २७ मिमीचा, १२ चा स्पेसर म्हणून मागे ४० घेतले, पुढे ३७. आणि डोक्याखालचा आकार पाहायचा. आपल्या कंपनीच्या अलॉयला गोल बुडाचा बोल्ट लागतो, लाडूच्या बुडासारखा, आणि बाजारात बहुतेक ठिकाणी शंकूसारखा निमुळता बोल्ट भेटतो. शंकूवाला गोल खड्ड्यात बसलेला दिसतो पण फक्त एका रेषेवर टेकतो, टॉर्क लागतो, आणि नंतर सैल होतो. दुकानदार म्हणेल आटा तोच आहे, आटा तोच असला तरी घेऊ नका. उगाच जास्त लांबही घेऊ नका, मागून बोल्ट बाहेर निघून आतल्या पार्टला घासू शकते. भाऊंनी प्रत्येक चाक आवळल्यावर हाताने सावकाश पूर्ण फिरवून कान लावून ऐकलं.

बसवायला चार तास लागले. पहिल्या दुकानात पंधरा मिनिटं लागली होती. चाक काढल्यावर हब पाहिला तर लिपच्या मुळाशी तपकिरी गंजाचं कडं बसलेलं, नऊ पावसाळे खाल्लेली गाडी आहे. गॅरेजच्या पोराने वायर ब्रश मारला, मग बारीक एमरी पेपर, मग कापड, मग परत बोट फिरवून पाहिलं आणि परत एमरी. ब्रेकच्या डिस्कला धरून ठेवणारा एक छोटा टॉर्क्स, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचा, स्क्रू असतो टी ३० मापाचा, त्याचं डोकं जर डिस्कच्या वर आलेलं असेल तर स्पेसर तिथेच तिरका बसते, माझ्या उजव्या मागच्या डिस्कचा तो स्क्रू कोणीतरी आधी अर्धवट लावलेला होता, केसाएवढा वर. ते डोळ्यांनी दिसत नव्हतं. स्पेसर ठेवला आणि दोन अंगठ्यांनी आळीपाळीने दाबला तेव्हा एका बाजूने अगदी बारीक टिक टिक झालं. स्क्रू काढून आटा साफ करून नीट आत बसवला, परत स्पेसर ठेवला, दाबला, काहीच आवाज नाही. भाऊ म्हणाले आता झाला. एका स्क्रूसाठी वीस मिनिटं गेली आणि मला त्या वीस मिनिटांसाठी त्या गॅरेजला पैसे द्यावेसे वाटतात.

लिपवर बोटाने अगदी पातळ कॉपर ग्रीस, ॲल्युमिनियम आणि लोखंड पावसात एकमेकाला चिकटून बसू नये म्हणून. सपाट भागावर नाही आणि बोल्टच्या आट्यावर तर अजिबातच नाही, काहून की टॉर्कचा आकडा कोरड्या आट्याचा असते, तेल लावलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ओढला जातो. पाचही बोल्ट आधी हाताने, निदान चार पाच फेरे, अडकलं तर लगेच मागे. मग एक सोडून एक असे ताऱ्यासारखे थोडे थोडे आवळले, गाडी खाली उतरवली आणि टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर, माझ्या गाडीला कंपनीचा आकडा हाच आहे, तुमच्या गाडीचा तुमच्या मॅन्युअलमध्ये पाहा. एअर गन त्यांनी हातातही घेतली नाही. शेवटी पांढऱ्या पेंट मार्करने प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून चाकापर्यंत एक रेघ. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. सकाळी ऑफिसला निघताना चारही चाकांकडे एक नजर टाकली की झालं, आता सवयच पडली.

६० किलोमीटर झाल्यावर परत टॉर्क तपासायला बोलावलं, वीसपैकी दोन बोल्ट थोडेसे अजून फिरले. ५०० ला परत गेलो, एकही फिरला नाही. त्यानंतर दर महिन्याला मी घरीच तपासतो, सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत वर्धा रोडवरून आल्यावर ब्रेक आणि हब तापलेले असतात, तेव्हा तपासलेल्या टॉर्कला अर्थ नाही.

पंक्चरचं सगळ्यात नीट ऐका, कारण ही गोष्ट कोणीच सांगत नाही. स्पेसर हबवर आहे तर लांब बोल्ट, स्पेसर काढला तर कंपनीचे बोल्ट, यात अदलाबदल नाही. स्पेसर काढून लांब बोल्ट लावले तर ते आत जास्त जातील आणि मागच्या पार्टला लागतील, स्पेसर ठेवून जुने लावले तर माझं मनसरला झालं ते होईल. स्टेपनी लोखंडी चाकाची असेल तर ती स्पेसरवर नीट बसते का आणि बोल्टचं बूड त्यात बरोबर टेकते का हे आधीच घरी लावून पाहा, रात्री हायवेवर पाहायची वेळ येऊ देऊ नका. माझ्या डिकीत कंपनीचे वीसही बोल्ट एका कापडी पिशवीत आहेत, सोबत टॉर्क रेंच आणि टी ३० चा पाना. पंक्चरवाला कितीही चांगला असला तरी चाक मी स्वतः लावतो, त्याला आधीच सांगतो की भाऊ तुम्ही फक्त टायर पाहा, गन नका लावू, अजूनपर्यंत कोणाला राग आलेला नाही.

चालवताना फरक किती? खरं सांगतो, थोडाच. समृद्धीवर लेन बदलताना गाडी जरा रुंद पायांवर उभी असल्यासारखी वाटते, ते मला आवडते, पण कोणी म्हणत असेल की स्पेसर लावून गाडी रेसकार झाली तर ते खरं नाही. हे ९० टक्के दिसण्यासाठीच आहे आणि त्यात काही चूक नाही. उलट स्टिअरिंगमध्ये थोडं नुकसानच झालं आहे. चाक बाहेर गेलं की टायर रस्त्याला टेकतो ती जागा स्टिअरिंग ज्या रेषेभोवती फिरते तिच्या मानाने बाहेर सरकते, मग एका बाजूच्या चाकाला खड्डा लागला की झटका हाताला जास्त जाणवते. सिमेंट रोडच्या दोन पट्ट्यांमधला जो उभा सांधा असतो, रिंग रोडला असे कितीतरी आहेत, त्यावर चाक चढलं की स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त ओढते, दोन्ही हात लागतात. पुढे फक्त १० घ्यायचं कारण तेच होतं आणि आज परत घ्यायचे असते तर पुढे कदाचित घेतलेच नसते, फक्त मागे. पावसात चिखल आणि गिट्टी दरवाज्यावर उडते, मागच्या दरवाज्याच्या खालच्या भागात रंगाला बारीक टोचे पडले आहेत, आता मडफ्लॅप लावून घेतले.

११ हजार किलोमीटरमध्ये थरथर शून्य, १३० च्या आत कुठेच नाही, त्याच्या वर मी नेत नाही. टायरचं घासणं एकदाच झालं, लग्नाला पाच जण आणि डिकीत आहेराचं सामान घेऊन जाताना मानेवाडाकडच्या एका उंच ब्रेकरवर मागून खर्र झालं, आतल्या प्लास्टिकला लागलं होतं, टायरला काही नाही. पाच जण असले की मी आता त्या ब्रेकरवर गाडी अगदी सावकाश नेतो.

तक्रारी दोन. पहिली, वेगळे घेतलेले बोल्ट, एका पावसाळ्यातच डोक्यावर गंज दिसायला लागला, कोटिंग अजून चांगलं पाहिजे होतं. दुसरी, वर्षाने तपासायला काढले तेव्हा कॉपर ग्रीस असूनही मागचा एक स्पेसर हबला चिकटून बसला, रबरी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकून काढावा लागला. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, काढून साफ करून परत लावायचेच. बेअरिंगवर भार वाढतो हे खरं आहे, चाक जितकं बाहेर तितका तरफेसारखा जोर. भाऊ दर सर्व्हिसला चाक वर उचलून वरून खालून धरून हलवून पाहतात, अजून ढिलं नाही, पण बेअरिंग कंपनीच्या हिशोबापेक्षा लवकर बदलावी लागेल हे मी धरून चाललो आहे आणि तो खर्च मला मान्य आहे.

कायद्याचंही सांगतो, लपवायचं कशाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. चाक बॉडीच्या बाहेर डोकावत असेल तर कोणीही थांबवेल आणि बरोबरच थांबवेल. मी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलं आहे आणि त्यांच्या उत्तराचा मेल जपून ठेवला आहे. न कळवता लावले आणि उद्या अपघात झाला तर क्लेम अडकू शकते, आणि तेव्हा फक्त तुमचाच नाही, ज्याला लागलं त्याचाही प्रश्न असते. ज्यांना हे नको वाटते त्यांनी लावू नये, गाडी तशीही चांगलीच आहे.

२० आणि २५ मिमीवाल्यांसाठी, दोघांनी मला विचारलं होतं. त्या जाडीला आरपार बोल्ट खूप लांब होतो, म्हणून बरेचदा स्पेसरला स्वतःचे बोल्ट असलेला प्रकार घ्यावा लागते, आणि त्या बोल्टची डोकी स्पेसरच्या बाहेर येत असतील तर चाकाच्या मागे तेवढे खळगे आहेत का ते पाहावं लागते. चाकाची मागची बाजू सपाट असेल तर चाक त्या डोक्यांवर टेकते, स्पेसरवर नाही, आणि बाहेरून काहीच कळत नाही. आपल्या रस्त्यांवर, आपल्या खड्ड्यांवर, घरच्या माणसांना घेऊन फिरायच्या गाडीला मी २५ लावणार नाही. आणि ३ किंवा ५ मिमीचे पातळ चकतीसारखे जे असतात त्यांना लिप काढायला जागाच नसते, तेव्हा हबची उरलेली लिप चाकापर्यंत पोहोचते का ते मोजल्याशिवाय तेही नको.

खर्च म्हणाल तर दोन जोड्या, बोल्ट, ड्युटी धरून ३६ हजार आणि बसवण्याचे २५०० वेगळे. महाग आहे, माझ्या भावाने ऐकलं तर म्हणाला एवढ्यात दोन टायर आले असते, आणि त्याचं बरोबर आहे, टायर गुळगुळीत असतील तर आधी टायरच घ्या. स्पेसरला मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या चिकटण्याचा कापला. बोल्टला तीन. गॅरेजला पाच, त्या टी ३० च्या स्क्रूसाठी.

रामटेकला परत गेलो, या दसऱ्यानंतर, त्याच गाडीने, आई आणि मुलीला घेऊन. मनसरला त्या पंक्चरवाल्या काकांकडे थांबलो, त्यांनी वाकून चाक पाहिलं, पांढऱ्या रेघांवर बोट फिरवलं आणि विचारलं हे काय, मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी दोन फेरे बोल्ट खोलून परत लावून स्वतः पाहिलं आणि मी टॉर्क मारून दिला. जुने ८ मिमीचे चारही स्पेसर मी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून मधून कापून घेतले, मगच भंगारात दिले. अख्खे दिले असते तर कोणीतरी उचलून परत कोणाच्या तरी गाडीला लावले असते.